चिमाबाईची ओळ

मित्रांनो, लोहगडवाडीला शालूबाईच्या टपरीवर चहा प्यायला थांबलात, तर कप जरा जपून ठेवा. कोपऱ्यातल्या ज्या दगडावर तुम्ही तो टेकवता, तो दगड म्हणजे मी. मी एक जुनं जातं आहे, आणि चहाच्या डागांचा मला मनापासून राग येतो.

शालूबाई आणि तिची जाऊ चिमाबाई समोरासमोर बसून, एकच खुंटा धरून माझ्यावर नाचणी दळायच्या. ओवीची पहिली ओळ शालूबाईची, दुसरी चिमाबाईची. चिमाबाई आपली ओळ ऐन वेळी रचायची, त्यामुळे ती कुणालाच पाठ नव्हती. पीठ इतकं मऊ पडायचं की शेजारणी बघायला यायच्या, आणि मला कोण अभिमान वाटायचा. पाच वर्षांपूर्वी चिमाबाई वारली. शालूबाईने दळण गिरणीत धाडलं आणि गाणंच सोडलं.

गेल्या साली तळेगावची अनुष्का आली. ती स्वतः गाणी लिहिते आणि गाते. तिचा पहिला अल्बम सगळा यंत्रांच्या दणदणाटाचा. दुसऱ्यात तिला फक्त गिटार आणि इथली ओवी हवी होती.

"मावशी, नुसतं म्हणून दाखवा ना."

"जात्याबिगर सुचत न्हाई, पोरी."

मग मला धुतलं, पुसलं, नाचणी घातली. शालूबाई एकटीच बसली आणि अनुष्काने बाजूला रेकॉर्डिंग सुरू केलं. तिने पहिली ओळ म्हटली आणि चिमाबाईच्या ओळीपुरती ती थांबली. तिचा हात फिरतच होता. तेवढ्यात समोरच्या बाजूने माझा खुंटा कुणीतरी ओढला. मित्रांनो, दगड असून माझ्या अंगावर काटा आला. समोर कुणीच नव्हतं. शालूबाईने हलकेच मान हलवली आणि पुढची ओवी उचलली. दर ओवीला असंच झालं.

महिन्याने अनुष्का गाणं ऐकवायला आली. मधल्या गप्प जागा तिने कापून टाकल्या होत्या. शालूबाई ऐकता ऐकता उठली.

"मावशी, आवडलं नाही का?"

"माजं समदं हाय. पर चिमाला कुटं टाकलीस?"

"तिथे तर कुणीच गात नव्हतं."

"मी थांबले ती कुणापायी? तुला ऐकू आलं न्हाई म्हणून कापायचं व्हय?"

अनुष्का गाणं घेऊन परत गेली. तिने सगळ्या जागा होत्या तशा परत ठेवल्या. तिथे गिटार थांबते आणि नुसती माझी घरघर उरते.

आता ट्रेकर टपरीवर ते गाणं लावतात. घरघर आली की कंटाळून पुढे सरकवतात. 

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी दगड आहे, टिकेन. पण ते गाणं लावलंत, तर तेवढा वेळ थांबा. चिमाबाईला गायला दुसरी जागा उरलेली नाही.