क्रिकियेथच्या किल्ल्यावरची रांग

मेरेरिड सकाळच्या गाडीने क्रिकियेथला उतरली आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात धापा टाकत किल्ल्याची चढण चढली. तिचा मुलगा गेथिन तिथे तिकीट खिडकीवर बसायचा. बापाने घराबाहेर काढल्यापासून तो घरी फिरकला नव्हता, आणि आता बाप इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता.

"एकच तिकीट?" म्हणत गेथिनने मान वर केली आणि तिला पाहून तिकिटाकडे नेलेला हात मागे घेतला.

"तिकीट नको रे. बाबा चाललेत तुझे. सारखं तुझंच नाव घेतायत."

"आत्ता आठवलो होय? आई, मागे माणसं खोळंबलीत. बाजूला हो."

ती बाजूला झाली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढची माणसं बुरुजांचे फोटो काढत निवांत सरकत होती. दुसऱ्यांदाही त्याने तिला तसंच परतवलं. तिसऱ्यांदा खिडकीची कड घट्ट धरून ती सगळ्यांसमोर हमसून रडू लागली.

"आई, तमाशा नको गं," गेथिन कळवळला. "मी त्यांना माफ करणार नाही."

"नको करूस. नुसता चल."

त्याने शेजारच्या बाईकडे खिडकी सोपवली आणि कोट उचलला.

ते पोचले तेव्हा बापाला कुणाचीच ओळख उरली नव्हती. गेथिन मात्र त्याचा श्वास थांबेपर्यंत पलंगाशी बसून होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून.