उलटी काच

मासेमारी होडी चालवणाऱ्या खंडू तांडेलाची मुलगी सत्यवती पुण्याला आकाशाचा अभ्यास करते, हे अख्ख्या मिरकरवाड्याला ठाऊक होतं. नेमका कशाचा, हे खंडूलाही धड सांगता येत नसे. १९८६च्या जानेवारीत ती चार दिवस घरी आली. तिसऱ्या दिवशी फोटो नि ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवून बसली असताना तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोत दीर्घिकेच्या डावीकडे असलेला तारा नकाशात उजवीकडे होता. अंधारखोलीत तिने काचेची प्लेट उलटी ठेवून फोटो छापला होता. शिकाऊ माणूसही पहिल्या आठवड्यानंतर अशी चूक करत नाही.

यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. दीर्घिकेच्या धगधगत्या केंद्राजवळचा वायू आपल्या दिशेने येतोय, एवढंच मोजमापातून कळतं. तो केंद्राच्या पलीकडचा असेल तर केंद्रात पडतोय, अलीकडचा असेल तर बाहेर फेकला जातोय. अलीकडची बाजू कुठली, ते फोटोतल्या धुळीच्या पट्ट्यावरून ठरवायचं. फोटोच उलटा, म्हणजे निष्कर्षही उलटा. वायू आत पडतोय असं तिच्या नि तिचे मार्गदर्शक देवस्थळी सर यांच्या नावाने विज्ञानाच्या मासिकात छापून आलं होतं आणि गुरुवारी सर तेच दिल्लीच्या परिषदेत सांगणार होते. बोललं तर सरांच्या हातून पुढच्या महिन्यात मिळायची कायमची नोकरी गेलीच म्हणायची. गप्प बसावंसं वाटलं, याची तिला चुकीहून जास्त लाज वाटली.

जेवताना तिने ताट तसंच बाजूला सारलं, तेव्हा बापाने विचारलंच. तिने सगळं सांगितलं. वायूचं त्याला किती उमगलं देव जाणे, पण हात धुऊन तो म्हणाला, "होकायंत्र चुकलाय ता तांडेलाला कळला, का आधी मागच्या होड्यांना हाळी घालायची. मगे आपला काय ता बघायचा."

दुपारी तिने पोस्टातून ट्रंककॉल लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्याखेरीज कोणाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

सर चिडतील, नोकरी काढून घेतील, एवढ्याचीच तयारी करून ती आली होती. ते चूक झाकायला बघतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"माझ्या बाबांना," ती म्हणाली. "आणि मासिकाच्या संपादकांना. त्यांना पत्र आत्ताच टाकलंय, सर."

पत्र अजून तिच्या हातातच होतं. फोन ठेवून तिने ते पेटीत टाकलं आणि तिथेच, पोस्टाच्या पायरीवर, सरांसाठी रडली.