राक्षस नसलेलं जंगल

भाचीने व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटच्या तळाशी जोरात फुंकर मारली, ती खेळ बदलणारे कोड भरायच्या डबीत खोचली आणि डबी टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या खाचेत दाबली.

"अगं हळू! मोडलीस तर आता कुठं मिळणारे ती?" आत्या म्हणाली.

"काही मोडत नाही. तू बस बरं तिकडे."

आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि टीव्हीवर ऊन पडू नये म्हणून तिने पडदा ओढून घेतला. सुट्टीची सकाळ होती. खोलीत दुधासारखा पातळ उजेड राहिला. चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायचं आत्याचं काम. सुट्टीच्या दिवशीही तिच्या नखांच्या कडेला काचेची पांढरी पूड असायचीच, कितीही हात धुतले तरी.

टीव्हीवर निळ्या झग्याचा वीर उभा राहिला. अंगठ्याएवढा. मागे पांढऱ्या दाढीचा जादूगार आणि धनुष्यवाली मुलगी. हे त्रिकूट इतकी वर्षं या घरात होतं की त्यांचं भाडं तेवढं घ्यायचं राहिलं होतं.

खेळायची दोघींची एक रीत होती. चालायचं आत्याने आणि लढायचं भाचीने. आत्या वीराला डोंगरदऱ्यांतून फिरवायची, दिसेल त्या घरात शिरायची, भेटेल त्या म्हाताऱ्याशी बोलायची, विहिरींत डोकवायची. पण त्या खेळात चालता चालता, काही चाहूल न लागता, टीव्हीचा पडदा गरगर फिरायचा, संगीत बदलायचं आणि समोर राक्षस उभे. मग आत्या न बघताच रिमोट शेजारी धरायची. "घे बाई, आले तुझे पाहुणे." भाची लढायला बसली की आत्या चहा टाकायची आणि चहा उकळेपर्यंत राक्षस आडवे झालेले असायचे.

ही रीत पडली तेव्हा भाची शाळेत होती. आत्याचा भाऊ आणि वहिनी एका अपघातात गेले आणि पोर आत्याकडे आली ती मुकी होऊनच. जेवायची, झोपायची, शाळेत जायची, पण तोंडातून शब्द नाही. आत्याने कुणीतरी काढून टाकलेलं हे यंत्र विकत आणलं आणि स्वतःच खेळायला बसली. पहिल्याच राक्षसासमोर तिने हातपाय गाळले. "मला मेलीला नाही गं जमत." तेव्हा पोरीने रिमोट हिसकावून घेतला. राक्षस मेल्यावर ती म्हणाली, "आत्या, इतकं तर सोपं आहे." त्यानंतर तिची जीभ जी सुटली ती सुटलीच. शेजारपाजारचे लोक सुद्धा कंटाळले.

आता ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. गेल्याच आठवड्यात एका मोठ्या लॅबने तिला बोलावलं होतं. काम मनासारखं, पण शहर लांबचं, रात्रभर गाडीत बसून जाण्याइतकं. उद्यापर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. आत्याला तिने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं की तिच्या डोळ्यांसमोर यायची ती एकटी आत्या, बाजूच्या रिकाम्या जागेकडे रिमोट धरून बसलेली. मग ती हवापाण्याबद्दल काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

म्हणून ती कोड शोधत होती. जुन्या खेळांनी झपाटलेली माणसं असे कोड शोधून काढून इंटरनेटवर टाकत असतात. आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ डबीत भरली की खेळ आपला स्वभाव बदलतो. लढाया बंद करणारी ओळ मिळाली की आत्या एकटी, बिनघोर, जगाच्या टोकापर्यंत चालत जाईल. मग आपण जायला हरकत नाही, असं भाचीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिला कोड भलताच निघाला. वीर भिंतींतून आरपार जायला लागला. आत्याने त्याला सराईच्या भिंतीतून बाहेर काढलं, गावाच्या तटातून बाहेर काढलं, तर पुढे नुसता काळोख. त्या काळोखात तिघं एकामागे एक चालत राहिले आणि मागे गाव लहान लहान होत गेलं.

"हे कुठं आलो गं आपण?"

"कुठंच नाही. खेळ जिथे संपतो ना, त्याच्या पलीकडे."

"बरं आहे की. शांत आहे."

दुसऱ्या कोडने राक्षस गेले नाहीत, माणसं मात्र गेली. चौकात कुणी नाही, दुकानात दुकानदार नाही. रिकाम्या जागेसमोर बटण दाबलं की संवादाची चौकट तेवढी उघडायची. भाचीने वाचून दाखवलं, "या, आज पाव ताजा आहे." आत्या त्या न दिसणाऱ्या पाववाल्याशी चांगली दोनतीनदा बोलली. मग म्हणाली, "हे नको. जीव कसनुसा होतो."

तिसऱ्याने समुद्र घट्ट केला. वीराने किनाऱ्यावरून पाऊल पुढे टाकलं आणि तो पाण्यावर उभा राहिला. निळ्या लाटा त्याच्या पायांखालून सरकत होत्या. आत्याने तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई! चालतोय बघ कसा. बुडत नाही."

ती त्याला इतका वेळ पाण्यावरून फिरवत राहिली की भाची कोड शोधायचं सोडून तिच्याकडेच बघत बसली. आत्याचं तोंड किंचित उघडं होतं. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी ती रिमोटबरोबर स्वतःही डावीकडे उजवीकडे झुकत होती. या बाईला सोडून जायचं होतं. तिने पटकन पुढची ओळ भरायला घेतली.

तो कोड बरोबर निघाला. तिघं जंगलात शिरले. या जंगलात चार पावलं टाकली की लांडगे यायचे, पण आज कुणी आलं नाही. झाडं मागे गेली, लाकडी पूल मागे गेला. आजवर लढाईने सतत तोडलेलं ते जंगलाचं संगीत पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाजलं, थांबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"अगं, याला इतकी छान चाल आहे होय?" आत्या म्हणाली.

"आता कुणी येणार नाही. तू पाहिजे तेवढं चाल."

"हं."

आत्या चालत राहिली. झऱ्याशी थांबली, पुन्हा चालली. मग तिने वीराला एका झाडाखाली उभं केलं आणि रिमोट मांडीवर ठेवला.

"ही एवढी खटपट कशाला केलीस?"

"तुला सोपं पडावं म्हणून."

"मला कुठं अवघड पडत होतं? तू होतीस की लढायला."

भाची यंत्राची वायर उगाच सरळ करत बसली.

"कुठं निघालीस?" आत्याने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. काचेचा नंबर विचारावा तसा सरळ प्रश्न होता. भाचीने शहराचं नाव सांगितलं. लॅबचं सांगितलं. मग घाईघाईने म्हणाली, "अजून काही ठरलेलं नाही. नाही म्हणून सुद्धा कळवता येईल. तू एकटी पडशील, तर मी..."

"कधी कळवायचंय?"

"उद्यापर्यंत."

आत्याने हात लांब करून डबीच्या कडेचं बारीक बटण खाली ओढलं. कोड बंद झाला. तिने वीराला झाडाखालून बाहेर काढलं. चार पावलं झाली असतील नसतील, पडदा गरगर फिरला आणि तीन काळे लांडगे दात विचकून समोर उभे राहिले.

भाचीचा हात सवयीने पुढे झाला. आत्याने रिमोट दिला नाही.

तिचा अंगठा बटणांवरून असा फिरला की भाचीला तो नीट दिसलाही नाही. धनुष्यवालीने पहिला लांडगा पाडला. वीराने ढाल धरली. जादूगाराने काठी उचलली आणि सबंध टीव्ही पांढरा करून टाकणारी वीज उरलेल्या दोघांवर कोसळली. ती वीज भाचीने कधी पाहिलेलीच नव्हती.

"तुला येतं?" भाची म्हणाली.

"दुपारी जेवायला घरी येते मी. तू लॅबमध्ये असतेस. मग काय, भिंतीकडे बघत बसू?"

"कधीपासून येतं?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी मेली इतकी वर्षं धावत येतेय, आत्याला जमत नाही, आत्याला जमत नाही म्हणून!"

"सांगितलं असतं तर येऊन बसली असतीस का माझ्याशेजारी?"

भाचीला रडू येत होतं आणि रागही येत होता. आणि खरं सांगायचं तर, छातीवरचं एक मोठं ओझं कुणी उचलून खाली ठेवावं तसं हलकंही वाटत होतं. या हलकेपणाची तिला लाज वाटली. ती आत्याच्या खुर्चीला टेकून खालीच बसली.

"तिकडं थंडी असते म्हणतात," आत्या म्हणाली. "तो जाड स्वेटर ने. आणि खोली घेशील ती उजेडाची घे. डोळे खराब करून घेऊ नकोस, मी नाही तिकडं नंबर काढून द्यायला."

"आत्या..."

"आत्याबित्या काही नाही. होकार कळव."

पडदा पुन्हा गरगरला. नवे राक्षस आले. आत्या पाठ ताठ करून बसली. भाचीने फोन हातात घेतला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. शेवटी पाठवून दिल्या. मग म्हणाली, "कळवलं."

"बरं झालं. आता मध्ये बोलू नकोस. मार पडतोय मला इथं."

भाचीने मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. लढाई केव्हाच संपली होती. वीर, जादूगार आणि धनुष्यवाली जंगलात नुसते उभे होते, आणि आत्याचा अंगठा बटण दाबतच होता.