टेपातला मुंजा

किकवीच्या मारुतीपुढं त्या सकाळी एवढी माणसं लोटली होती, की आपला शेंदूर कुणी खरवडून नेतंय की काय, अशी धास्ती खुद्द मारुतीला वाटावी. कामथडीच्या बैलगाड्या आल्या होत्या, गुंजवण्याचे लोक पायी आले होते. सगळ्यांना एकच बघायचं होतं: सरपंच सर्जेरावांच्या टेपरेकॉर्डरात शिरलेला मुंजा. आजवर भुतं पिंपळावर नाहीतर आडात राहत. विजेवरच्या यंत्रात बिऱ्हाड करणारं भूत तालुक्यात पहिलंच, त्यामुळं गावाला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटत होता.

ठकूबाईला मात्र काहीच वाटत नव्हतं. ती पुढच्या रांगेत बसली होती. मांडीवर कपड्यांचं बोचकं होतं आणि शेजारी नवरा होता, कोंडिबा. दुपारच्या एसटीनं दोघांना पुण्याला जायचं होतं आणि कोंडिबा "येत न्हाई" म्हणून बसला होता.

कोंडिबा म्हणजे पंचक्रोशीतल्या भजनाचा गळा. त्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर आवाज जाईल, माणूस राहील. नाही काढलं तर दोन्ही जातील." कोंडिबानं खूप विचार केला आणि अट घातली, "आदी माजा आवाज कुटं तरी ठिवा. मग काय कापायचं ते कापा."

म्हणून हनुमान जयंतीचं भजन टेपवर धरायचं ठरलं. सर्जेरावांच्या ओळखीचे पुण्याचे एक हौशी इंजिनियर आपलं थोरलं यंत्र आणि दोन माइक घेऊन आले. कोंडिबा जीव तोडून गायला. इंजिनियर रीळ देऊन गेले, आणि पुढच्याच महिन्यात बदली होऊन दूर मध्य प्रदेशात निघून गेले. इकडं कोंडिबाचा आवाज बसला तो बसलाच. उरली नुसती कुजबूज. आणि रीळ सरपंचांच्या छोट्या यंत्रावर लावलं, तर त्यातून येतंय काय? घूंऽऽऽ. पखवाज नाही, टाळ नाही, कोंडिबाचा तर मागमूस नाही.

अशा वेळी गावात नादबाबा प्रकटले. गाव अडचणीत असलं की बाबा आपोआप प्रकटतात, बोलावणं धाडावं लागत नाही. यंत्रात मुंजा शिरल्याची आवई त्यांनी आधीच पंचक्रोशीत उठवली होती, आणि त्या सकाळी तो मारुतीपुढं सगळ्यांना दाखवायचा होता.

"ह्यो घूं न्हाई, ह्यो ओंकार!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "ब्रह्मांडाचा नाद! आता ह्या नादाच्या पोटात कोन लपलंय त्ये दावतो." त्यांनी रीळ काढलं, हवेत ओवाळलं, त्यावर अंगारा फुंकला आणि यंत्रावर पुन्हा चढवलं. कळ दाबली. आतून आवाज आला, माणसाचाच, पण भलताच. शब्द गिळल्यासारखे आणि सूर मागं खेचल्यासारखे. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"कोन हाईस तू?" बाबांनी यंत्राला विचारलं.

यंत्र काहीबाही चिरकलं.

"म्हंतोय, म्या पिंपळावरचा मुंजा! कोंडिबाचा आवाज म्याच गिळला!" बाबांनी लगेच भाषांतर केलं. भुतांच्या भाषेचे जाणकार मुळात कमी, त्यामुळं भाषांतर तपासायला कुणी नव्हतं. "हे रीळ होमात जाळा. मुंजा जळंल, गाठ इरघळंल. पर डाक्टरची सुरी लागली, तर मुंजा जखमंतनं आत शिरंल. मग माज्याकडं येऊ नगा."

कोंडिबानं मान डोलवली. ज्याला आपला गळा कापून घ्यायचा नसतो, त्याला मुंजा फार लवकर पटतो.

ठकूबाईनं पहाटे त्याची चूळ पाहिली होती. तांब्याभर पाणी लाल झालं होतं. होमाची लाकडं रचायला लागले, तशी ती बोचकं टाकून उठली आणि देवळामागच्या शाळेत धावत गेली.

"गुरुजी, चला."

"ठकूबाई, वर्ग चालू आहे," कुंडलिक गुरुजी म्हणाले.

"वर्ग उद्याबी भरंल. माजा धनी ऱ्हाईल का न्हाई, ठावं न्हाई."

गुरुजींनी खडू ठेवला. येता येता तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "माइक किती होते?"

"दोन. येक ह्यांच्या म्होरं, येक टाळकऱ्यांच्या डोसक्यावर."

"दोन्ही धड होते?"

ठकूबाई थबकली. "पूजा क्येली व्हती त्येंची."

किकवीत भजनाआधी वाद्यांना हळदकुंकू लावून नारळ फोडायची रीत होती. पखवाज, वीणा, टाळ, सगळ्यांना.

"माइक म्हंजी बी वाद्यच की, गुरुजी! ह्यांच्या माइकाला निस्तं कुकू लावलं, ह्यांना तवा पडसं व्हतं. नारळाचं पानी टाळकऱ्यांच्या माइकावर घातलं. चांगलं धार धरून."

गुरुजींनी क्षणभर आकाशाकडं पाहिलं. "मग तो ओंकार तुमच्या नारळातून निघालाय. माइक भिजला, तारेत बिघाड झाला, की असंच घूं होतं."

देवळापाशी बाबांनी त्यांना अडवलं. "मास्तर, यंत्राला शिवू नगा. इटाळ व्हईल!" दोनचार म्हाताऱ्यांनी गुरुजींच्या वस्तीची आठवण ठेवून माना हलवल्या. सर्जेराव खेकसले, "माजं यंत्र हाय. त्येंच्या हातनं आमची पोरं शिकत्यात, तवा न्हाई इटाळ व्हत?"

गुरुजींनी टेप थोडी मागं घेतली. "मीही मुंज्याला विचारून बघतो. काय रे मुंज्या, सर्जेरावांच्या म्हशीला किती शिंगं?"

यंत्र तेच चिरकलं, अक्षरन् अक्षर. गुरुजींनी पुन्हा टेप मागं नेली. "बरं, नादबाबांचं खरं नाव काय?"

पुन्हा तेच.

"आयला!" चिमाजी टाळकरी ओरडला. "ह्या मुंज्याला येकच उत्तर पाठ हाय. आमच्या धाकट्यावानी!"

हशा पिकला. "ऐका," गुरुजी म्हणाले. "इंजिनियरांचं यंत्र दोन कानांचं. फितीच्या वरच्या अर्ध्या पट्टीवर एक माइक उतरला, खालच्या अर्ध्यावर दुसरा. सरपंचांचं यंत्र एका कानाचं, ते फक्त वरची पट्टी ऐकतं. वर आहे भिजलेला माइक, खाली आहे कोंडिबा. बाबांनी रीळ पालथं घातलं, तशी खालची पट्टी वर आली. पण फीत शेवटाकडून सुरू झाली. पुण्याहून निघालेली एसटी साताऱ्याकडून मागं मागं चालवली, तर दिसेल तसं हे गाणं. मुंजा नाही, आपला कोंडिबाच आहे, उलटा. बाबा, रीळ पालथं घालायची विद्या कुठं मिळाली?"

"समाधीत."

"समाधीत कशाची!" चिमाजी उठून उभा राहिला. "कवाधरनं इचार करतुया, ह्ये थोबाड कुटं बगितलंय! शिरवळच्या जत्रंत तंबूच्या शिनेमात गानी लावायला ह्योच बसायचा!"

बाबांना एकदम स्नानाची वेळ झाल्याचं आठवलं. पण कोंडिबा जागचा हलला नाही. ठकूबाईला जवळ ओढून तो कुजबुजला, "मुंजा नसंल. पर आवाजबी न्हाई. असा उलटा आवाज मागं ठिवून म्या न्हाई जानार."

ठकूबाईनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींचा चेहरा उतरला होता. दोन कानांचं यंत्र पुण्याखेरीज कुठं मिळणार? एसटी यायची वेळ झाली होती. एकदा ही तारीख चुकली, की या माणसाला पुन्हा घराबाहेर काढणं देवाच्या बापाला जमलं नसतं.

"खालचा काठ वर आला पाहिजे," गुरुजी फितीकडं बघत पुटपुटले, "पण फीत सुलट चालली पाहिजे. रीळ उलटवून नाही जमायचं."

ठकूबाई पदरानं डोळे पुसत होती. हात थांबला. पदराचा खालचा काठ तिच्या बोटांत वर आला होता, आणि लुगड्याची आतली, फिकी बाजू तोंडासमोर होती.

"रीळ कशाला उलटवता?" ती म्हणाली. "फितीलाच पीळ द्या की! काठ वर येतोय बगा. आतलं अंग भायेर येतं, येवडंच."

गुरुजींनी रीळ पुन्हा सुलट लावलं, फितीला दोन्हीकडं एकेक पीळ दिला, तिची मागची बाजू यंत्राच्या तोंडाशी धरली आणि कळ दाबली.

आवाज आला. गोधडीखालून यावा तसा, दबका. पण सरळ. आधी पखवाजाची लांबून थाप, मग कोंडिबा. अभंगाच्या पहिल्या ओळीवर तो उभा राहिला, ती ओळ त्यानं हलकेच वळवली आणि सोडून दिली. ठकूबाई ते गाणं ऐकत नव्हती, ती नवऱ्याचा चेहरा बघत होती.

कोंडिबाचा हात मांडीवर ताल धरत होता. मध्येच तो थांबला, कपाळाला आठी पडली.

"हितं सुरात जरा चढलो म्या," तो कुजबुजला.

आणि स्वतः बोचकं उचलून एसटीच्या रस्त्याला लागला.

इस्पितळात त्याला आत नेताना ठकूबाई म्हणाली, "कायतरी बोला की मला. शेवटलं." त्यानं विचार केला. म्हणाला, "गाईला पानी पाजाय सांग." एवढंच बोलला. तिला ते पुरलं.

कोंडिबा आजही आहे. शनिवारी रीळ लागतं, टाळकरी त्याच्या मागून म्हणतात, आणि कुणी चुकला की कोंडिबा एक शब्द न बोलता अशी नजर टाकतो, की चुकणाऱ्याला मुंजा परवडला.

तर मंडळी, जे कळत नाही त्याला भूत म्हणायची घाई करू नका. यंत्र बिघडलं तर ते उघडून बघा, गळा बिघडला तर डॉक्टरांना दाखवा. आणि एखादा भुताशी बोलतो म्हणाला, तर त्याला एवढंच सांगा: तो प्रश्न राहू द्या बाजूला, आता भुताला दुसरा विचारून दाखवा.