टिल्लू सरांची सप्रेम भेट

माणसाच्या पेशीत डीएनएची नक्कल होते तेव्हा राबणारं एक प्रथिन रागिणी देऊळगावकर जिवाणूंकडून बनवून घ्यायची. माणसाचं जनुक जिवाणूत घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि त्या चिखलातून तेवढं एकच प्रथिन गाळून काढायचं. हे काम थंड खोलीत चालतं. चंदीगडचा हिवाळा तिने स्वेटरमध्ये काढला आणि उन्हाळाही त्याच स्वेटरमध्ये. हाती आलं ते चमचाभरसुद्धा नव्हतं. चिमुकल्या नळ्यांत भरून ते उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं होतं.

तिचे गाईड डॉ. हृषीकेश टिल्लू. त्या सरकारी संस्थेत मराठी बोलणारे हे दोघेच, त्यामुळे सरांना वाटायचं की हिच्याशी वागायला नियम लागत नाहीत. इतरांना ते हिंदीत काम सांगत, हिला मराठीत राबवत.

"मोहालीच्या रामचंद्र सरांच्या विद्यार्थिनीला आपलं प्रथिन हवंय," एका सकाळी ते म्हणाले. "सगळं देऊन टाक."

"सर, माझा शेवटचा प्रयोग राहिलाय. त्याच्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही."

"मग परत बनव."

"दिवाळीला फेलोशिप संपतेय, सर."

"वडील आहेत ना तुझे? एवढी वर्षं पोसलं, अजून थोडे दिवस पोसतील."

अशी देवघेव शास्त्रज्ञांत चालतेच. शोधनिबंधाच्या शेवटी छापतात, की हे प्रथिन अमुक सरांकडून सप्रेम भेट मिळालं. थंड खोलीत कोण कुडकुडलं ते कुणी छापत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं? त्यातून टिल्लू सरांच्या बढतीच्या समितीवर रामचंद्र सर होते.

रागिणी रडली नाही. तिला सरांचा इतका संताप आला होता की रडायला जागाच उरली नव्हती. तिने फ्रीजर उघडला. मागच्या कप्प्यात आधी बनवलेल्या प्रथिनाच्या नळ्या होत्या. ऐन मे महिन्यात फ्रीजर बंद पडला तेव्हा ते प्रथिन तापून मेलं होतं. तिने ते जेलवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांसारखी उमटतात त्या लिबलिबीत थरावर, तुलना करायला राखून ठेवलं होतं, कारण जेलवर जिवंत आणि मेलेलं प्रथिन अगदी सारखंच दिसतं. पट्टी तीच, जागा तीच. फरक कळतो तो कामाला लावल्यावर.

तिने मेलेलं प्रथिन नव्या नळ्यांत भरलं आणि त्यावर नवी तारीख घातली. जिवंत प्रथिन दुसऱ्याच्या डब्यात, तळाशी लपवलं.

नळ्या न्यायला स्वानंदी आली, बर्फाचा थर्माकोलचा डबा घेऊन. कर्नलची मुलगी, छावण्या बदलत वाढलेली. मराठी समजायची सगळी, बोलताना मात्र हिंदी मिसळायची.

"दीदी, मम्मीने चिवडा दिलाय तुमच्यासाठी. माझी पीएचडी याच्यावरच आहे, यार. तुम्ही देवासारख्या भेटलात."

रागिणीने चिवडा ठेवून घेतला आणि नळ्या दिल्या. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं हे तिला कळत होतं. पण वडा केबिनमध्ये बसला होता आणि तिथवर तिचा हात पोचत नव्हता.

जिवंत प्रथिनावर रागिणीचा प्रयोग पहिल्याच खेपेत जमला. ती प्रबंध लिहायला बसली. तिकडून स्वानंदीचे फोन सुरू झाले.

"दीदी, कुछ हो ही नहीं रहा. जेलवर पट्टी दिसते, पण डीएनए बनतच नाही."

"मिसळताना घाई करतेस. परत कर."

स्वानंदी परत करी. परत फोन येई. पुढे पुढे ती आधी माफी मागून मग बोलायला लागली. रागिणीला तिची दया यायची आणि दया आली की तिचाच राग यायचा.

प्रबंध सादर झाला त्याच आठवड्यात स्वानंदी स्वतः आली. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून डब्यातला निम्मा बर्फ वितळला होता. चेहरा उतरला होता.

"रामचंद्र सर म्हणाले, याच नळीतून रागिणीकडून करवून आण. तिच्या हातून झालं नाही तर प्रथिनाची चौकशी करू. झालं, तर तू पीएचडी सोड."

चौकशी म्हणजे फ्रीजर, डबे, तारखा आणि मग तिची पदवी.

"ग्लव्ज संपलेत. शेजारच्या लॅबमधून आणतेस?" ती म्हणाली.

स्वानंदी धावत गेली. रागिणीने लपवलेल्या डब्यातून जिवंत प्रथिनाचा उरलेला थेंब काढला आणि स्वानंदीच्या नळीतल्या प्रथिनाऐवजी तोच प्रयोगाच्या मिश्रणात घातला. स्वानंदी परतली तेव्हा तिची नळी बर्फात होती तिथेच होती. पुढचं सगळं रागिणीने तिला जवळ उभं करून, नीट समजावत केलं.

दुपारी दोघींनी जेल दिव्याखाली धरलं. नव्या डीएनएची पट्टी लख्ख चमकत होती.

स्वानंदीने आपली नळी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"थँक यू, दीदी. मला वाटत होतं प्रथिनच खराब आहे. सरांना तसं बोलले पण होते, तुमच्याबद्दल." तिने डोळे पुसले. "आता त्यांना सॉरी म्हणायला पाहिजे."

"हो," रागिणी म्हणाली. "आजच म्हण."