पाव किलोचा फरक

कॅसेट हबवर बसेना. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली, आतल्या खाचा फडक्याने पुसल्या, चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा लावून पाहिली. छे. सायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध असतो तो हब, आणि त्याच्यावर लहानमोठ्या दातेरी चकत्यांची ही गड्डी चढवायची, म्हणजे खरं तर डोळे मिटून करायचं काम. पण गड्डीच्या खाचा एका जातीच्या होत्या आणि हबच्या दुसऱ्या. मागवण्याआधी हब बघा, असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बजावणारा माणूस स्वतःच्या लेकीच्या वेळेला नेमका बघायचा राहिला होता.

शनिवारची संध्याकाळ. हव्या त्या जातीचा हब यायला आठवडा तरी लागणार, आणि चिमीची घाटातली चाचणी उद्या सकाळी.

डोंगरी सायकल घेऊन दुकानात येणारी माणसं हमखास एकच प्रश्न विचारत. हलकी कॅसेट, हलकी चेन घेतली तर पैसे वसूल होतात का? काकांचं उत्तर पाठ झालेलं होतं. सगळं मिळून पाव किलोही वाचत नाही; वजनच कमी करायचं तर पाण्याची बाटली अर्धी भरा, आणि गिऱ्हाइकाच्या पुढे आलेल्या पोटाकडे नुसतं बघून हसायचं. गिऱ्हाईकही हसे. काही जण तरी विकत घेत, मग काका निमूटपणे बसवून देत. ज्याची त्याची हौस.

चिमीने विचारलं तेव्हा मात्र त्यांची जीभ रेटली नाही. तिच्या अंगावर पाव किलो कमी करायला जागाच नव्हती. तिशीला टेकलेली पोर, लहानपणापासून घाट चढत आलेली. गेली दोन वर्षं संघात निवड थोडक्यात हुकत होती. ती ज्या शाळेत तात्पुरती खेळ शिकवत होती, तिथे आता कायमची नोकरी देऊ केली होती, आणि सोमवारी होकार-नकार कळवायचा होता. नोकरी घेतली की सरावाचे महिने गेले. उद्या वेळ सुधारली तर आणखी एक वर्ष, नाहीतर पुरे, असं तिनेच ठरवलं होतं. साठवलेल्या पगारातून कॅसेट आणि चेन घेतली तेव्हा काकांनी एवढंच म्हटलं, की विचार केलायस ना?

"तुमचं ते पोटाचं भाषण गिऱ्हाइकांना द्या, बाबा," ती म्हणाली होती. "मला नको."

बोलायचं तरी काय? उपयोग नाही म्हणावं, तर तुझे पाय आता थकले म्हटल्यासारखं होतं. उपयोग आहे म्हणावं, तर खोटं.

जुन्या कॅसेटवर नवी चेन चढवण्यात अर्थ नव्हता. घासलेल्या दातांवरून ती ऐन चढावर निसटली असती. काकांनी जुनं सगळं उतरवलं, रॉकेलमध्ये बुडवून दात न् दात घासला आणि परत जागच्या जागी चढवलं. सगळं चांदीसारखं चमकायला लागलं. घरी गेले तेव्हा चिमी झोपलेली होती. सकाळी अंधुक उजेडात तिने सायकल हातात घेतली आणि विचारलं, झालं ना सगळं? काकांनी होकारार्थी मान हलवली. आता सांगितलं तर पहिल्याच वळणावर तिचा धीर सुटेल, असं त्यांना वाटलं. वर पोचली की सांगू.

घाटमाथ्यावर कोचबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. काका स्कूटर लावून कठड्याला टेकले. खालच्या रस्त्यावर एक ठिपका वर सरकत होता. शेवटच्या चढावर ती सीटवरून उठली, खांदे डावी-उजवीकडे फेकत, तोंड उघडं टाकून, डोळे चाकापुढच्या हातभर जमिनीवर. काकांनी तिला इतकी वर्षं चढताना पाहिलं होतं. तिने काही राखून ठेवलंय का, हे त्यांना दुरूनही कळे. आज नव्हतं.

कोचबाईंनी घड्याळ काकांपुढे धरलं. गेल्या महिन्याचीच वेळ.

चिमी गवतावर आडवी झाली. धाप ओसरायच्या आधीच बोलायला लागली. "बाबा, जाणवतं हो. खरंच जाणवतं. त्या वरच्या वळणावर सायकल आपणहून चढत होती." मग जरा थांबून तिने कोचबाईंना वेळ विचारली.

"आहे तेवढीच," कोचबाई म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या, पण म्हणाल्या.

चिमी उठून बसली. म्हणजे अजून सवय नाही, ती म्हणाली. शिवाय पायडलचा क्रँक जुनाच आहे, तो जड आहे. तोही हलका घेतला, पुढच्या महिन्यात परत चाचणी दिली, तर फरक पडेलच. शाळेला काय, नाही म्हणून कळवता येईल. ती भराभर बोलत होती आणि एकदाही काकांकडे बघत नव्हती.

काका कठड्यापासून सुटे झाले. गुडघा धरत तिच्याशेजारी खाली बसले. त्यांना आताशा खाली बसायचं जिवावर येई.

"चिमे, ते बसवलंच नाही गं. हबला लागेना. माझी चूक, मी बघितलं नाही आधी. जुनंच आहे सगळं, धुऊन लावलंय."

तिने सायकल जवळ ओढून घेतली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत एकेक चकती न्याहाळली. एका चकतीचा दात मागच्या मोसमात दगडावर आपटून चेपला होता. त्यावर तिने अंगठा ठेवला.

"सकाळीच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"कोणाचा? माझा का तुमचा?"

कोचबाई दोन पावलं लांब जाऊन दरीकडे बघत उभ्या राहिल्या.

"मी आज सगळा जोर लावला होता ना, बाबा?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. लहानपणी गणित बरोबर आलं का विचारायची, तसं विचारलं.

"सगळा," काका म्हणाले. "मी बघत होतो ना. काही म्हणून राखलं नव्हतंस."

तिने मान डोलावली. बाहीने तोंड पुसलं. घाम की आणखी काही, ते काकांनी पाहिलं नाही. ती कॅसेट परत घेतील का, तिने विचारलं. खोकं फोडलंय, पण घेतील, काका म्हणाले. नाहीतर दुकानात कोणीतरी हौशी भेटेलच. ती हसली, आणि त्याचं पोट बघून मग द्या, म्हणाली.

कोचबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, शाळेतल्या मुलांना रविवारी इकडे घेऊन येत जा म्हणाल्या, आणि गेल्या.

उतारावर चिमी सायकलवर बसली नाही. हँडल धरून चालायला लागली. काकांनीही स्कूटर सुरू केली नाही. ब्रेक दाबत, पाय टेकत तिच्या बरोबरीने ती उताराला लावली. वळणांमागून वळणं गेली. मागचं चाक टिकटिकत होतं. सवयीप्रमाणे काकांनी कान दिला. आवाजात कसलाही दोष नव्हता.