लाल डोक्याचा बोल्ट

बोल्ट मोडला तर चिडू नका, टोपी काढून त्याला नमस्कार करा, असं हाल्वारचा बाप म्हणायचा. आमच्या रस्त्यावर बर्फ उडवायचं यंत्र पहिल्यांदा त्यानंच चालवलं, आणि हाल्वारला नि मला त्यानंच शिकवलं. यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं. इंजिन मंद ठेवून पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणारा दांडा, लावायचा, पाती फिरायला लागली की मगच वेग चढवायचा. मान मागे वळवून उलट्या गिअरमध्ये सावकाश जायचं. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं फेकायचं, नाहीतर सगळं आपल्याच तोंडावर येतं. यंत्राचं तोंड तुंबलं तर आधी ते बंद करायचं आणि मग काठी घालायची, हात कधीच नाही. आणि पात्यांच्या दांड्याला एकच मऊ बोल्ट. पात्यांत दगड अडकला की तो बोल्ट मोडतो, पाती थांबतात आणि बाकीचं सगळं वाचतं.

"मोडण्यासाठीच जन्मलाय तो," म्हातारा म्हणायचा. "त्याच्या जागी जो कडक बोल्ट घालील तो चोर समजावा."

कडक आणि मऊ बोल्ट दिसायला सारखेच. गल्लत होऊ नये म्हणून आम्ही मऊ बोल्टांची डोकी गोठ्याला लावायच्या लाल रंगात बुडवून ठेवतो. लाल डोकं म्हणजे मऊ, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

अकरा घरं, साडेतीन किलोमीटर खडीचा रस्ता, खाली फेरीबोटीच्या धक्क्यापासून वर माझ्या दारापर्यंत. यंत्र रस्त्याच्या मंडळाचं, म्हणजे आम्हा अकरा घरांचं. एक आठवडा हाल्वार चालवणार, एक आठवडा मी, रविवारी दुपारी अदलाबदल. एकवीस हिवाळे असे गेले. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मेंढ्या विकून पाच. हिवाळ्यात पहाटे अंथरूण सोडायला माझ्याकडे एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे ट्रॅक्टरवरची ती जागा. ती गेली तर मी वरच्या घरातली म्हातारी, एवढीच उरणार होते. हे आधीच सांगते, म्हणजे एका बोल्टसाठी ही बाई एवढी का पेटली, असं कुणी विचारायला नको.

आमच्याकडे मोडलेला बोल्ट फेकत नाहीत. ज्याच्या हातून मोडला त्याच्या कॉफीच्या डब्यात तो जातो. एप्रिलमध्ये मंडळाची सभा भरते तेव्हा दोन्ही डबे टेबलावर उपडे करायचे आणि कुठला बोल्ट कुठल्या वळणावर मोडला ते सांगायचं. मग उन्हाळ्यात सगळे मिळून तिथले दगड उकरून काढतात. मोजायचे असतात दगड, माणसं नव्हेत. पण माणसं ती माणसंच.

गेले तीन हिवाळे हाल्वारचा डबा रिकामा निघत होता. माझ्यातून पाच पडायचे, एकदा तर आठ.

"गुनवोर, न्याहारीला बोल्ट खातेस की काय?" स्टायनार म्हणायचा. धक्क्याजवळ त्याचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि जीभ त्याच्या कानशीसारखी आहे.

"मशीनशी गोडीनं वागावं लागतं," हाल्वार म्हणायचा आणि मान खाली घालून हसायचा. किती नम्र माणूस, असं सगळ्यांना वाटायचं.

मलाही वाटलं. मी इतकी येडी, की गेल्या जानेवारीत मी त्याला सांगितलं, बाबा रे, एक दिवस माझ्याबरोबर बस आणि मी काय चुकते ते दाखव. तो बसला. साडेतीन किलोमीटर मला शिकवत बसला. "इथे जरा घाई केलीस बघ. हां, आता बरं." मी त्याला घरी नेऊन वाफेलं, म्हणजे साच्यातली जाळीदार घावनं, खाऊ घातली, वर तपकिरी चीजचे जाड काप. तीन वाफेलं खाल्ली त्यानं. मी मोजली नव्हती, पण आता आठवतात.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"अगं, उद्या सकाळचं तू घेशील का? नातीचा बाप्तिस्मा आहे शहरात, आत्ताच्या फेरीबोटीनं निघतोय आम्ही. मशीन शेडमध्ये आहे. सगळं ठीक आहे."

"जा रे निवांत. पोरीला माझा पापा दे."

रविवारी पहाटे गुडघाभर बर्फ होतं. मी शेडमध्ये जाऊन यंत्र जोडलं. खालच्या पट्ट्या खडीपासून दोन बोटं वर आहेत ना ते पाहिलं, तेल पाहिलं, बोल्ट पाहिला. डोकं लाल. निघाले.

हाल्वारच्या टपालपेटीजवळच्या वळणावर दगड लागला. थंडीनं जमीन फुगते आणि दगड वर येतात, दरवर्षीचंच आहे. बोल्ट मोडतो तेव्हा टक्‌ असा आवाज येतो आणि पाती मुकाट थांबतात. या वेळी टक्‌ झालंच नाही. ट्रॅक्टर मागून उचलल्यासारखा झाला आणि गिअरबॉक्समधून जो कडकडाट आला तो माझ्या दाढांपर्यंत पोचला. मी पीटीओ बंद केला आणि उतरले. काळं तेल बर्फावर गळत होतं. बोल्ट जागच्या जागी होता, धडधाकट.

खाली चर्चची घंटा वाजेपर्यंत सगळ्या दरीला कळलं, गुनवोरनं मशीन मोडलं.

सोमवारी स्टायनारनं गिअरबॉक्स उघडला. दातांचा चुरा झाला होता. त्यानं बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला आणि चाकूच्या टोकानं डोकं खरवडलं. लाल रंगाचा पापुद्रा निघाला, पातळ नि चकचकीत. खाली कडक पोलादाच्या दर्जाचा कोरलेला आकडा.

"हा आपला गोठ्याचा रंग नव्हे," स्टायनार म्हणाला. "ही नखांना लावतात ती पॉलिश आहे. गुनवोर, तुझी?"

"माझ्या नखांकडे बघ नि बोल."

त्यानं बघितलं. ग्रीसनं काळी होती. मग आम्ही दोघंही एकाच माणसाबद्दल गप्प राहिलो.

माणूस विसरतो, चुकतो, आळस करतो. मीही करते. पण रंग द्यायला माणूस खाली बसतो. बाटलीचं झाकण उघडतो, तो छोटासा ब्रश फिरवतो, वाळावं म्हणून फुंकर मारतो. तेवढा वेळ त्याच्या डोक्यात मी असणार. बोल्ट कोण बघणार, तर मीच ना?

मंगळवारी हाल्वार परत आला आणि मी त्याच्या शेडमध्ये गेले. बोल्ट दाखवला. नाही म्हणाला नाही, एवढं खरं. पिंपावर बसला आणि हात पुढे केले. चाळीस वर्षं लाकूडतोडीची थरथरणारी मोटार-करवत धरून त्याची बोटं थंडीत मेणासारखी पांढरी पडतात. ते मला ठाऊक होतं. एवढी गेलीत हे ठाऊक नव्हतं.

"उणे वीसमध्ये उताणं पडून तो एवढासा नट," तो म्हणाला. "बोटांना कळतच नाही गं, नट धरलाय की हवा. एकदा तासभर पडून होतो. रडलो मी. मग कडक घालायला लागलो."

"एक हाक मारायचीस. मी येऊन बदलला असता."

"तेच नको होतं."

"आणि मला शिकवायला बसलास ते?"

त्यानं हात बगलेत घातले. म्हणाला, "दर रविवारी तू यायच्या आत मी मऊ बोल्ट घालून ठेवायचो. तुझ्या हातात कडक कधी दिला नाही. ह्या वेळी बाप्तिस्म्याच्या गडबडीत साफ विसरलो. मशीन मोडल्याचा तुझा निरोप आला तेव्हाच आठवलं, आईशप्पथ."

"सभेत मी सांगू की तू सांगतोस?"

"मीच सांगतो. माझ्या तोंडानं सांगू दे, गुनवोर. तोवर कुणाला बोलू नकोस. बोर्गिल्डलासुद्धा."

बोर्गिल्ड त्याची बायको. मी हो म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला ज्यानं पुढून खांदा दिला त्याला तीन आठवडे द्यायला काय जातं, असा विचार केला. स्टायनारलाही गप्प बसवलं. ते तीन आठवडे दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोक माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत होते. वय होतं गं प्रत्येकाचं, असं दोघीतिघींनी म्हटलं. मी दात आवळून एप्रिलची वाट पाहिली.

सभा नेहमीसारखी समाजघरात. कॉफी होती. बोर्गिल्ड वाफेलं वाढत होती. तोरुन ही मंडळाची अध्यक्ष, शाळेत शिकवते, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ती तिसरीतली मुलं समजते.

"डबे नंतर," ती म्हणाली. "आधी अवघड विषय. गुनवोरनं एकवीस हिवाळे आपल्यासाठी काढले, त्याबद्दल आपण ऋणी आहोतच. पण गिअरबॉक्स काही आपोआप फुटत नाही. मला वाटतं पुढच्या हिवाळ्यापासून हाल्वारनं एकट्यानं चालवावं. त्याच्या हातून तीन वर्षांत एक बोल्टसुद्धा मोडलेला नाही. गुनवोरसाठी आम्ही फुलं आणली आहेत."

खरंच आणली होती. पिवळी ट्यूलिप, कागदात गुंडाळलेली, खिडकीत ठेवलेली.

मी हाल्वारकडे पाहिलं. स्टायनारनं पाहिलं आणि मोठ्यानं खाकरला. आता बोलेल, मी म्हटलं, आता. हाल्वारनं कप खाली ठेवला, मान खाली घातली, तेच ते नम्र हसू हसला.

"मंडळाची इच्छा असेल," तो म्हणाला, "तर माझी ना नाही."

केसानं गळा कापतात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग नंतर आला. आधी फक्त लाज वाटली, त्याची नव्हे, माझी. या माणसाला मी तीन आठवडे सांभाळत होते.

मी उठले आणि माझा डबा टेबलावर उपडा केला. पाच मोडके बोल्ट पडले आणि सहावा अख्खा, लाल डोक्याचा.

"हा माझ्या हातून मोडला नाही," मी म्हटलं. "हा मोडतच नाही. कडक आहे. रविवारी यंत्र घेतलं तेव्हा हा लावलेला होता. कुणी लावला ते ज्यानं लावला त्यानं सांगायचं होतं."

तोरुननं बोल्ट उचलला, नखानं खरवडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात बोर्गिल्ड वाफेलांची थाळी घेऊन तिच्या शेजारी आली. तिनं थाळी ठेवली. तिची लाल रंगवलेली नखं आणि बोल्टचं डोकं शेजारी शेजारी आली. सगळ्यांनी पाहिलं. शेवटी तिनंही पाहिलं.

"हा माझा रंग आहे," ती म्हणाली. "बाटली शोधून शोधून थकले मी, शेवटी तसलीच नवी आणली. हाल्वार?"

"विसरलो होतो," हाल्वार म्हणाला. "त्या शनिवारी बदलायचा विसरलो. निरोप आला तेव्हाच आठवलं. गुनवोरला ठाऊक आहे."

बोर्गिल्ड त्याच्याकडे बघत राहिली. ती सरळ बाई आहे, तिला खोटं बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं झाकताही येत नाही.

"शनिवारी जाताना फेरीबोटीवर तू फोन काढून हातात धरून बसला होतास," ती म्हणाली. "पूर्ण वीस मिनिटं. मी विचारलं, कुणाला लावतोयस? तू म्हणालास, गुनवोरला. मग परत खिशात टाकलास."

बाहेर छपरावरून वितळलेलं बर्फ गळत होतं. मी मनातल्या मनात मोजलं. शनिवारची दुपार, संध्याकाळ, अख्खी रात्र. "बोल्ट बदल" म्हणायला दोन शब्द लागतात. रिकाम्या डब्यापुढे त्याला ते दोन शब्द जड झाले.

जागा माझीच राहिली. आता दोन्ही आठवडे मी चालवते. गिअरबॉक्स नवा आहे, बोल्ट मऊ आहे, आणि शेडमधून निघण्याआधी मी प्रत्येक वेळी डोक्यावरचा रंग खरवडून बघते. स्टायनार म्हणतो, वेडी झालीस. झाले असेन. ती ट्यूलिप मात्र मी घरी आणली होती, फुलांचा काय दोष?

मंडळाच्या नियमाप्रमाणे अकराही घरांसमोरचं बर्फ काढायचं, म्हणून त्याच्या दारातलंही काढते. बर्फ दुसऱ्या बाजूला फेकते, त्याच्या पायऱ्यांवर एक कणही जाऊ देत नाही. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा असतो. मी मागे वळून बसलेली, त्यामुळे समोरासमोर येतोच आम्ही. तो हात वर करतो, एकवीस वर्षं करायचा तसाच. माझा एक हात चाकावर असतो, एक दांडीवर. यंत्र नीट चालवायचं तर दोन्ही हात लागतात.